पहिलं पाणी खेचराला

"हा कुणाचा माणूस आहे?"

गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक तरणा स्वयंसेवक माझ्या बापाचं कोपर धरून मोठ्याने विचारत होता. बापाच्या हातात प्लास्टिकचा निळा टब होता. टबात पाणी. मघापर्यंत त्या पाण्यात आमच्या कंपनीच्या बाटल्या गार होत होत्या. बापाने त्या एकेक काढून टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या आणि टब उचलून तो मंडपाबाहेर निघाला होता. स्वयंसेवकाने हिसका दिला तसं पाणी उसळलं. निम्मं बापाच्या कोटावर, निम्मं लाल गालिच्यावर. आमच्या मॅडमच्या चपला भिजल्या.

समोरच्या रस्त्यावर बँड वाजत होता. विजय दिनाची परेड. मुंबई, समुद्राकाठचा रस्ता, डिसेंबर असूनही डोक्यावर ऊन. मंडपातल्या माना परेडकडून आमच्याकडे वळल्या.

"कुणी आणलंय ह्याला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं. बापानेही पाहिलं.

मी म्हणाले, "ऑफिसनं आणलंय. वाडीवरचे आहेत कुणीतरी. मी फारसं ओळखत नाही."

हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. नवऱ्याला वाटतं, परेड छान झाली. पन्नाशी जवळ आली, पण मनातलं बोलायची सवय मला लागली नाही. म्हणून लिहिते आहे. जसं घडलं तसं. त्यात माझी बाजू शोधू नका, मलाही ती सापडलेली नाही.

आम्ही ठाकर. माथेरानच्या पायथ्याला आमची वाडी. वाडीतून डोंगराची वाट चढली की वर माथेरान. तिथं गाड्या नाहीत, घोडे आहेत. बा लहानपणापासून त्या घोड्यांमागे. घोडा दुसऱ्याच्या मालकीचा, घोड्यावर मुंबईचा पाहुणा, आणि लगाम धरून लाल मातीतून पळणारा माझा बा. मग तो फौजेत गेला. भरतीच्या साहेबाने विचारलं, तुला काय येतं? हा म्हणाला, जनावर येतं. त्याला खेचरांच्या पलटणीत घातलं.

जिथं गाडी जात नाही तिथं खेचर जातं. दारूगोळा, पीठ, रॉकेल, तोफेचे सुटे भाग, सगळं त्याच्या पाठीवर. एकाहत्तरच्या लढाईत बा काश्मीरच्या डोंगरात खेचरं घेऊन वर-खाली करत होता. खांद्याला बंदूक होती. ती चालवायची वेळ त्याच्यावर आली नाही.

त्या लढाईची एकच गोष्ट तो सांगायचा. तीच तीच. त्याच्या खेचरीचं नाव मैना. बर्फातली वाट, एका बाजूला कडा. मैनेचा पाय सरकला आणि ती ओझ्यासकट खाली गेली. रांग थांबवायची नाही असा हुकूम. मागची जनावरं पुढे न्यायची होती. बा पुढे चालत राहिला. खालून बराच वेळ तिचा आवाज येत होता. वर पोचल्यावर कुणीतरी त्याच्या हातात चहाचा मग दिला. तो तसाच धरून बसला. त्यांच्या पलटणीची रीत होती, पहिलं पाणी खेचराला, मग माणसाला. "मैनेनं पिलं नव्हतं," बा म्हणायचा. "मंग मी कसा पिऊ?" चहा हातातच गोठला.

नोकरी संपवून आला आणि पुन्हा माथेरानात घोड्यांमागे पळू लागला. डोंगर चढून गेल्यावर आधी घोड्यापुढे बादली, मग याचा तांब्या. उन्हाळ्यात ओठ फुटले तरी हीच रीत. घोडेवाले हसायचे. "फौजी, तुझी लढाई संपली रं," म्हणायचे. बा ऐकून घ्यायचा आणि बादली धरून उभा राहायचा.

मी शिकले. आधी आश्रमशाळा, मग कर्जतचं वसतिगृह. कुणी विचारलं की सांगायचे, वडील फौजेत होते. पुढे काही नाही. फौजेत म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते, छाती येते. येऊ द्यायचे. खेचर हा शब्द मी वाडीबाहेर कधी उच्चारला नाही.

आता मी लोधिवलीजवळ, जुन्या हायवेला, एका कंपनीच्या ऑफिसात आहे. फार्महाऊसचे प्लॉट विकणारी कंपनी. मुंबईची गिऱ्हाइकं येतात. त्यांना नकाशा दाखवायचा, पाणी द्यायचं, गाडीत बसवून डोंगर दाखवायचा. बाहेरच्या टेबलावर मी बसते. म्हणजे तेव्हा बसायचे. तिथं मी हाय-नाय करत नाही. आहे, नाही, नक्कीच सर. जीभ घासून गुळगुळीत केली आहे. आडनाव लग्नाने बदललं, आणि ते आडनाव लावणारी माणसं चार जातींत सापडतात. मी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. गिऱ्हाइकं खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवून विचारतात, वर ती लाइट कसली? मी सांगते, आदिवासी वाडी आहे, पण प्लॉटपासून लांब आहे, त्रास नाही.

त्रास नाही. हे मी माझ्या घराबद्दल सांगते.

विजय दिनाच्या परेडला कंपनीने एक मंडप घेतला होता. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, सगळ्यांवर कंपनीचं नाव. सर, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणाले, आपल्या भागातला एखादा माजी सैनिक पुढच्या रांगेत बसवू. पेणहून येणारा आमचा ड्रायव्हर म्हणाला, "माथेरानच्या पायथ्याला एक म्हातारा हाय म्हणतात. एकाहत्तरचा. चौकात चहाच्या टपरीवर ऐकलं."

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही इथल्याच ना? शोधून काढा."

"शोधते, सर."

तिथं बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की सर, ते माझे वडील आहेत. ड्रायव्हर हसला असता, सर अरे वा म्हणाले असते, संपलं असतं. पण मग वाडी आली असती. वाडीबरोबर जात आली असती. जातीबरोबर त्या वरच्या लाइटी. मी म्हणाले, शोधते. आणि रविवारी जाऊन मी माझ्याच बापाला शोधून काढलं.

बा अंगणात शेंगा सोलत होता. ऐकून हात थांबले.

"परेड? मुंबईत?"

"हो. पुढं बसवणार हायत तुला."

"पुढं-मागं राहू दे गं. खेचरं असतील का?"

मला माहीत नव्हतं. "असतील," म्हणाले.

मग तो उठलाच. पत्र्याच्या डब्यातून पदकं काढली. आईने चिंच आणि राख लावून घासली, फिती विटलेल्या होत्या त्या तशाच. दुसऱ्या दिवशी चौकात जाऊन केस कापून आला. मी नवऱ्याचा कोट नेऊन दिला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. आईने आत दुमडून टाके घातले. बा कोट घालून अंगणात उभा राहिला तशी आई म्हणाली, "नवरदेव दिसतंय म्हातारं." बा लाजला. खरंच लाजला.

मी निघताना त्याने विचारलं, "तुझ्या सायबाला सांगितलंस ना, बाप हाय म्हून?"

"सांगंन की."

"सांग. न्हायतर म्हनतील कोन आनला."

परेडच्या दिवशी चौकातून कंपनीची बस निघाली. एसी बस. मागे सामानाचा टेंपो. बाला मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं आणि मी ऑफिसच्या लोकांत जाऊन बसले. बसवताना हळूच सांगितलं, "बा, मी आज कामावर हाय. सारखी हाक मारू नको."

"नाय मारत," तो म्हणाला. त्याला वाटलं, कामाचा व्याप असेल.

मंडपात पांढऱ्या कपड्याच्या खुर्च्या, पाठीला केशरी फुगे. बाला पुढच्या रांगेत मधोमध बसवलं. सर शेजारी बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाले. कोटाच्या बाह्या पुन्हा उसवून खाली आल्या होत्या. त्यातून बाची बोटं तेवढी दिसत होती. पण ताठ बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर.

मॅडम सरांच्या पत्नी. त्या वाकून म्हणाल्या, "आजोबा, बॉर्डरवर होतात ना? सांगा ना, किती मारलेत?"

बा म्हणाला, "येक पन नाय."

"असं कसं?"

"मी खेचर हाकायचो."

मॅडम हसल्या. तोंडावर हात ठेवून, पण आवाज आलाच. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे वॉर हीरो नाही, ट्रान्सपोर्टवाले." पुन्हा हसू. सर हसले नाहीत, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "फायटिंगमध्ये नव्हते का हे? आधी विचारायचं ना."

सगळे हसत होते. मीही हसले. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं. खोटं बोलणं त्यानंतरचं. आधी मी हसले. ऑफिसात सर विनोद करतात तेव्हा ओठ जसे आपोआप फाकतात तसे फाकले. बाने ते पाहिलं आणि तोही थोडा हसला. सगळे हसतायत, आपली लेकही हसतेय, तर काहीतरी गंमत झाली असणार, असं त्याला वाटलं असेल.

थोड्या वेळाने सरांचं एक मोठं गिऱ्हाईक आलं, सहकुटुंब. खुर्च्या कमी पडल्या. सरांनी मला बोटाने खुणावलं. मी जाऊन बाचा दंड धरला. "इथून उठायचंय," म्हणाले. हाक न मारता. तो लगेच उठला. मी त्याला शेवटच्या रांगेत, पाण्याच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

"हितं बरं हाय," बा म्हणाला. "हितनं गल्ली दिसती."

मंडपाच्या मागे एक गल्ली होती. परेडमध्ये शिरणाऱ्या तुकड्या तिथं थांबल्या होत्या. सगळ्यांत शेवटी खेचरं. पाठीवर तोफेचे भाग आवळलेले, बाजूला त्यांचे जवान. उन्हात उभी. एखादं मान झटकायचं, पाय बदलायचं.

बा खुर्ची फिरवून त्यांच्याकडेच तोंड करून बसला. परेडकडे त्याची पाठ. मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली आणि मांडीवर ठेवली.

"पी ना."

"बाय, त्यांनी पिलं आसंल का गं?"

"कुणी?"

त्याने गल्लीकडे मान वळवली.

"बा, गप बस." मी दातांतल्या दातांत म्हणाले आणि पुढे गेले. मॅडमना नाश्त्याची ताटली हवी होती.

खेचरांना सकाळी पाणी दाखवलं असणार. त्यांचे जवान होते सोबत, ते काही त्यांना तहानलेलं ठेवणार नाहीत. बाला हे कळत नव्हतं असं नाही. पण ती समोर उन्हात आणि हा सावलीत बाटली घेऊन, हे त्याला जमेना. मग त्याने तो टब उचलला.

पुढचं सांगितलंच. कोपर, हिसका, मॅडमच्या चपला. हा कुणाचा माणूस आहे. मी फारसं ओळखत नाही.

मी हे बोलले तेव्हा बा आणि माझ्यात दोन हातांचं अंतर होतं. त्याला नीट ऐकू येतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट चुकलेल्या माणसाला कुणी खरी वाट सांगितली की तो जसा एकदम समजून मान हलवतो, तशी त्याने मान हलवली. टब खाली ठेवला. हात जोडले आणि मला म्हणाला,

"चुकी झाली, मॅडम. पुन्हा नाय व्हनार."

मला म्हणाला. मॅडम.

लहानपणी ताप आला की जो मला पाठुंगळी मारून डोंगर उतरायचा तो मला मॅडम म्हणाला, कारण मी खोटी पडू नये. माझं खोटं त्याने उचलून आपल्या पाठीवर घेतलं. ओझं वाहायचंच काम केलेला माणूस. त्याला वेळ लागला नाही.

नंतर परेड संपेपर्यंत तो तसाच वागला. मी टेबलाजवळ गेले की पाय आत घ्यायचा, वाट द्यायचा. एकदा माझी ओढणी खुर्चीच्या खिळ्यात अडकली. त्याने सोडवली आणि नजर न उचलता म्हणाला, "सांभाळून, मॅडम." शेजारच्या बाईंना काही वेगळं वाटलं नाही. कसं वाटणार? आम्ही दोघं इतकं चांगलं करत होतो.

रणगाडे गेले. विमानं डोक्यावरून गेली, पोरांनी कान झाकले. शाळांची पथकं गेली. लोक टाळ्या वाजवून दमले. शेवटी खेचरं रस्त्यावर आली तेव्हा मंडपात जेवणाची पाकिटं वाटायला सुरुवात झाली होती. भोंग्यावर आभार चालू होते. आमच्या कंपनीचं नाव दोनदा घेतलं. सर उठून हात जोडत होते.

बा उभा राहिला. मागच्या रांगेत, खुर्च्यांच्या आड, ओल्या कोटात. त्याने सलाम केला नाही. नुसता हात खाली सोडून ताठ उभा. ओठ हलत होते. मी जवळ गेले नाही, म्हणून काय म्हणत होता ते मला कधीच कळणार नाही. खेचरं टापा आपटत समोरून गेली. कुणी टाळी वाजवली असेल तर मला ऐकू आली नाही. शेवटचं खेचर वळणापलीकडे गेलं तसा तो खाली बसला. खुर्चीखाली ठेवलेली बाटली तशीच होती. झाकण न उघडलेली. मी पाकिटं घेऊन जात होते. त्याने मला थांबवलं.

"मॅडम, आता पानी पिऊ का?"

मी मान हलवली.

बसजवळ सर म्हणाले, "तो म्हातारा ओला आहे. सीट भिजतील. त्याला टेंपोत बसवा."

आणि मी बसवलं. हेही मीच केलं. टेंपोत खुर्च्या रचल्या होत्या, गालिचे गुंडाळून टाकले होते, तो निळा टब होता. बा फळी धरून चढला. मी खालून हात दिला नाही. गालिच्याच्या गुंडाळीवर बसला, पदकांवरचं पाणी बाहीने पुसलं. मी बसकडे वळले.

बसच्या पायरीशी मॅडम चपला झटकत उभ्या होत्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू होतीस म्हणून. नाहीतर त्या म्हाताऱ्याने आपली पार शोभा केली होती. हे लोक असेच. कुठेही आणा, शेवटी जनावरांतच जाणार. तुला तर माहीतच असेल, तुमच्याकडचेच."

त्या हात ठेवून वाट बघत होत्या. मी हो म्हणायची वाट. नेहमीचं, गुळगुळीत हो. ते जिभेवर आलं होतं. खरं सांगते, आलं होतं. आणि त्याच जिभेवर ते अडकलं. मघाशी बा मॅडम म्हणाला होता तो शब्द तिथं आडवा पडला होता.

मी म्हणाले, "तो माझा बाप आहे."

मॅडमनी हात काढला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं, ते बंद केलं.

"काय?"

"तो माझा बाप आहे. मी ठाकर आहे. आमच्याच वाडीच्या लाइटी मी तुमच्या गिऱ्हाइकांना लांब आहेत म्हणून सांगते. हे लोक म्हणजे मी."

सर पुढे आले. चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत. म्हणाले, "अहो, मग मघाशी का नाही सांगितलंत?"

मी टेंपोकडे पाहिलं.

"बरं, झालं ते झालं. आम्ही असलं काही मानत नाही. बोलवा त्यांना बसमध्ये. पुढची सीट देऊ."

"नको, सर."

"अहो, आता तुमचे वडील म्हटल्यावर..."

"मघाशी नुसता फौजी होता, तेव्हा तुम्ही त्याला उठवलंत. मी उठवलं. आता माझा बाप म्हणून सीट नको."

मी टेंपोकडे गेले. फळी धरून चढले, ओढणी फाटली. बाने वर पाहिलं.

"मॅडम, तुमी हिकडं कुठं?"

"बा, मी हाय."

"बसमंदी जा. कापडं खराब हुतील."

मी त्याच्या शेजारी बसले. टेंपो निघाला. खुर्च्या एकमेकींवर आपटत होत्या. केशरी फुगे सुटून पायात लोळत होते. पनवेल मागे पडलं, डोंगराची कड दिसायला लागली, तेव्हा बा म्हणाला,

"काय सांगितलंस त्यास्नी?"

"माझा बाप हाय म्हून."

"आन त्या आधी?"

मी पायातला फुगा बाजूला सारला.

"दोनी तूच बोललीस ना?"

"हो."

"मंग दोनी ध्यानात ठेव. येक ठेवून येक टाकू नको."

एवढंच. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. मला जवळ घेतलं नाही, रडला नाही, जाऊ दे म्हणाला नाही. वाडीच्या फाट्यावर उतरला, कोट काढून माझ्या हातात दिला. पदकं खिशात टाकली आणि चालू लागला. मी सोबत निघाले तर म्हणाला, "तू जा. घरी वाट बगत असतील."

सोमवारी ऑफिसात गेले. भिंतीवर नवी फ्रेम. पुढच्या रांगेत बा, शेजारी सर, सरांचा हात बाच्या खांद्यावर. खाली लिहिलेलं, आमच्या मातीतल्या जवानाला कंपनीचा मानाचा मुजरा. सर म्हणाले, "बघा, तुमचे वडील. गिऱ्हाइकांना सांगायला किती छान." ते मनापासून बोलत होते, यात शंका नाही.

मी खुर्चीवर चढून फ्रेम उतरवली.

"ह्या खुर्चीवर तो थोडाच वेळ होता," मी म्हणाले. "मग आपण त्याला उठवलं. उठवलेला फोटो असेल तर लावा. त्याच्या शेजारी मला पण दाखवा, दंड धरलेली."

सरांनी मला कामावरून काढलं नाही. ते तसं करत नाहीत. मला आतल्या खोलीत टेबल दिलं. बाहेर आता डोंबिवलीची एक मुलगी बसते, गोड बोलते. मी आत फायली लावते. परवा एक गिऱ्हाईक चुकून आत आलं, खिडकीतून बघत विचारलं, "वर ती लाइट कसली?" मी म्हणाले, "माझ्या बापाचं घर हाय. लांब नाय. जवळच हाय." त्याने प्लॉट घेतला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

वाडीवर मी दर रविवारी जाते. बा बोलतो, शेंगा देतो, नातवाची चौकशी करतो. पण अजून मला बाय म्हणून हाक मारत नाही. मॅडमही म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. अगं, घे, बस. मी त्याला विचारणार नाही. तो शब्द माझ्या मागण्याने यायचा नाही.

फ्रेम माझ्याकडे आहे. भिंतीवर नाही, फोडलेलीही नाही. कपाटात उलटी ठेवली आहे. दोन्ही ध्यानात ठेवायचं आहे.

पुन्हा परेड होईल. मी जाणार आहे. कुणाच्या मंडपात नाही, कुणाच्या पासावर नाही. रस्त्याला दोरी बांधतात तिथं, लोकांत उभी राहीन. बाला विचारलं, येतोस का. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. बादली धुऊन उन्हात पालथी घातली. आला तर त्याच्यासोबत, नाही आला तर एकटी. बाटली हातात असेल आणि शेवटचं खेचर वळणापलीकडे जाईपर्यंत तिचं झाकण मी उघडणार नाही.

आणि तिथं कुणी कोपर धरून विचारलं, कुणाची माणसं तुम्ही, तर या वेळी सगळ्यांनी माझ्याकडे बघायची वेळ येणार नाही. आधी मी बोलेन. वाडीचं नाव, जात, खेचर, सगळं. माझ्या जिभेने, हाय-नाय करत, मंडपात ऐकू जाईल एवढ्या आवाजात.